माशीच्या बापाचं नाव काय?

नाही, पण मला सांगा, माशीची वंशावळ कुणी भाटाला विचारतं का? माणसांची विचारा ना... तापीकाठच्या गुजर घरांतले झाडून सगळे बाप, पार मूळ पुरुषापासून, या पितांबर भाटाच्या जिभेवर आहेत, अमक्याचा तमका, तमक्याचा ढमका, लहानपणी कुठं अडखळलो तर उपाशी झोपवायचे मला! पण माशी?

तर तुम्हाला सांगतो, एकसष्ट सालची गोष्ट. माझ्या यजमानांचा रतिलाल शेतकी कॉलेजातून शिकून आला, गुणाचा पोरगा, आणि इथंच माशी शिंकली. मोहरीएवढी माशी, गांधीलमाशीच्या भाऊबंदांतली. मला म्हणतो, "काका, ही कपाशीवरच्या अळीच्या पोटात अंडी घालते, पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर येतात. गाव आता विषाची पावडर उडवणार, अळीबरोबर हीसुद्धा मरणार. माझं कुणी ऐकत नाही. तुमच्या तोंडून जिचं कूळ निघेल तिला गाव मान देईल." डोळ्यांत पाणी हो पोराच्या! माझ्याच्यानं बघवेना. म्हटलं, सांग बाबा, मूळ पुरुष कोण?

"मूळ बाई म्हणा. कोट्यवधी वर्षांपूर्वीची, पानं खाणारी."

बरं, बापाचं नाव काय?

"ते राहू द्या. तिच्या वंशातली एक लाकडात भोक पाडून अंडी घालायला लागली. तिथं शेजारी भुंग्याची अळी राहायची. पिल्लांनी ती अळीच खाल्ली."

शेजारी खाल्ला? म्हणजे घराणं मोठं दिसतंय, म्हटलं, चालू दे! तर म्हणे पुढं कुणी अळीत अंडी घातली, कुणी कोशात, एकीची अंडी घालायची नळी होती तिचीच नांगी झाली, आणि तिच्या वंशात मधमाश्या, मुंग्या... मुंग्या? आमच्या गुळाच्या डब्यातल्या? "त्याच काका, चुलत बहिणी." असू देत, पण बापाचं नाव काय? तर रतिलाल म्हणतो, "या कुळात नराला बापच नसतो. एकट्या आईच्या अंड्यातून होतो तो."

घ्या! भाटानं काय करावं मग? पण शब्द दिला होता. ओट्यावर गाव जमलं, मी गळा साफ केला आणि सुरू झालो... मूळमाय पानखाई, तिची लेक लाकूडभेदी, तिची लेक अळीपोशी... तेवढ्यात रूपचंद, पावडरचे डबे याच्याच ताब्यात, म्हणतो, "भाटबोवा, बापनं नाव काय?" बाप नाही, म्हटलं. आणि मागून, पदराआडून, रतिलालची आई प्रमिलाबाई, "माशीनी माय, मायनी माय, समद्यासनं नाव लिधं. मन्ही सासूनं नाव काय व्हतं, सांगा बरं?"

आता सासू कुठून आणू मी? इतक्या पिढ्यांचे बाप माझ्याकडे, आई एकसुद्धा नाही! बायांनी तिथंच ठरवलं, "भाटबोवा आम्हनी मायसना नावं सांगतीन, तव्हयच डबा उघडा." रूपचंदची काय छाती आहे नाही म्हणायची, घरी जेवायचंय त्याला!

पण नावं मला पुरुषाला सांगणार कोण? म्हणून बायकोला, आमच्या जसोदाबाईंना आणलं. ती चुलीपाशी बसायची आणि एकेका नावामागं सबंध दुपार जायची, कारण नाव नुसतं येतंय होय, बाळंतपणं येतात, नणंदा येतात, आणि रडू येतं. कपाशी वेचून झाली तरी नावं संपेनात. माशीनं तोवर अळ्यांचा समाचार घेतला, डबे तसेच बंद, आणि रतिलालनं मला वाकून नमस्कार केला. मला, हं! केलं सवरलं सगळं जसोदानं.

तेव्हापासून गावोगाव तिलाच बोलावणं येतं. ती पुढं, मी मागून पिशव्या घेऊन. आधी ती आयांची नावं म्हणते, आणि खरं सांगतो, म्हणते फार गोड, मीही ऐकत बसतो... मग माझ्या बापांची पाळी येईस्तोवर गाव जेवायला उठतं. तक्रार नाही हो माझी. त्या माशीच्या कुळातल्या मधमाशीचा नर म्हणे लग्न लागलं की लगेच मरतो. मला निदान पंगतीत बसवतात.