धोंडीचं शेवाळ

माननीय अध्यक्ष सुंदररावजी देशमुख, त्यांच्या शेजारी विराजमान तहसिलीचे पेशकार साहेब, गावची थोर मंडळी, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसलेल्या माताभगिनी आणि आजचे सत्कारमूर्ती धोंडीराम! सर्वांना या आप्पाराव कारकुनाचा रामराम, आणि पेशकार साहेबांना आदाब.

धोंडीराम, असा सतरंजीच्या कडेला काय बसलास? हार तुझा, शाल तुझी. मध्ये सरक. नाही म्हणतो. बरं, राहिलं.

मंडळी, थोरल्या सरकारांनी, म्हणजे अध्यक्षांच्या वडिलांनी, हौसेने आपल्या तलावात सैरीची नाव ठेवली. मधली तीन वर्षं सोडली तर तीस वर्षं ती या माणसाने सांभाळली. आज तो नेकनूरला लेकीकडे राहायला निघाला आहे. नावेत बसून मिरवणारे पुष्कळ; तिच्या बुडाखाली कधी कोण वाकून बघतो? पाण्यातलं लाकूड शेवाळ धरतं, आणि शेवाळ धरलं की नाव म्हशीसारखी सुस्त होते. म्हणून दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की धोंडीराम ती चिंचेखाली पालथी घालायचा. विटेच्या तुकड्याने घासायचा, मग राळ आणि करंजाचं तेल, आणि शेवटी बिब्ब्याचं तेल. काय तो वास! अजून त्या चिंचेखालून जाताना मला तो आठवतो. बिब्बा उतून धोंडीरामचे हात कोपरापर्यंत सुजायचे. मग छबुबाई आठ दिवस नवऱ्याला घास भरवायच्या. घासागणिक शिवीही द्यायच्या. हसू नका, खरं आहे.

आता फसली तेराशे सतराची, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी औरंगाबादेहून इंग्रजी शिकून नुकताच चाकरीला लागलो होतो. अक्कल थोडी, ऐट फार. सरकारांना म्हणालो, बिब्बा कशाला, शेवाळ धरू न देणारा विलायती रंग मागवू. मुंबईहून जालन्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने डबा आला. रंग लालभडक! डब्यावर लिहिलं होतं, रंग लावला की त्याच दिवशी नाव पाण्यात सोडावी, नाहीतर रंगाचा असर जातो. मी ते वाचलं, मला नीट कळलंही. पण आठ दिवसांनी मोठे पाहुणे यायचे होते. नाव पाण्यात गेली तर माझा लाल रंग दिसणार कुणाला? मी कुणाला काही सांगितलं नाही. नाव वैशाखाच्या उन्हात तशीच पालथी ठेवली.

तिसऱ्या दिवशी धोंडीरामने रंगावरून बोट फिरवलं, हुंगलं. म्हणाला, "आप्पा, ह्याचा वास उडाला बगा. वासच न्हाई तर शेवाळ भेनार कशाला? सोडा पान्यात."

मी म्हणालो, "विलायती रंगातलं तुला काय कळतंय बे?"

पाहुणे आले, रंग बघून वाहवा करून गेले. दसऱ्याला तेच पाहुणे नावेत बसले आणि नाव तलावाच्या मधोमध हलेना. कशीबशी काठाला आणून उलटी केली, तर खाली वीतभर शेवाळ. सरकार कडाडले, "कुणाचं काम हे?" माझं लग्न ठरलेलं, नोकरी नवी. तेवढ्यात धोंडीराम पुढे झाला. "खरवडायला मीच कमी पडलो, सरकार."

तीन वर्षं त्याला गुरांमागे धाडलं. आजही गावात कुणी कामात कुचराई केली की आपण काय म्हणतो? 'धोंडीचं शेवाळ!' मीही म्हणालो आहे, मंडळी. चारचौघांत, हसत हसत. लाज वाटते सांगायला.

ते शेवाळ धोंडीचं नव्हतं. माझं होतं. तो गाव सोडायच्या आत हे सगळ्यांसमोर सांगायचं होतं, म्हणून मीच बोलायची संधी मागून घेतली.

पडद्याआडून काय म्हणता, छबुबाई?

"एकोनीस वर्सं मी ह्यांनाच बोलत आले, आप्पा. कावून सांगितलं न्हाई तुमी?"

भीती वाटली, बाई.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. भाषणाच्या शेवटी चुकल्यामाकल्याची माफी मागायचा रिवाज आहे. मी शेकडो वेळा उगाच मागितली. आज खरी मागतो, धोंडीराम, तुझी आणि छबुबाईंची.

तो हाताने खुणावतोय, पुरे, बसा म्हणतोय. अजून चार शब्द लिहून आणले होते. राहू द्या. तेव्हा त्याचं ऐकलं नाही. आज ऐकतो. बसतो मी.