विहिरीतले आणि नाल्यातले

(मैलापूर. पिढ्यान् पिढ्या दक्षिणेत राहिलेल्या मराठी घराच्या गच्चीवर माशांचे टब. कृष्णाजी आणि त्यांची मुलगी रम्या.)

कृष्णाजी: मराठी मुलखांतून तुझं लग्न ठरवायला आले, साडेचारांस उठले. कॉफी अर्धी ठेवूनशी. सिद्धार्थाची आई चपला घालतां माझ्याकडे पाहिलीसुद्धां नाही. मी काय चुकलों, रम्या?

रम्या: तुम्ही अम्माचं सांगितलंत ना.

कृष्णाजी: त्या विचारल्या, तुमच्या मिसेस कुठल्या. मी सांगिटलों, बाहेरची नव्हे हो, माझ्या अक्काचीच लेक. लपवायचं काय त्यांत? भाचीवर पहिला हक्क मामाचा, आमच्यांत हे चोखट.

रम्या: त्यांच्यात मामा भाचीला मांडवात घेऊन येतो, अप्पा. तिच्याशी लग्न नाही करत.

कृष्णाजी: अय्यो. सिद्धार्थास ठाऊक नव्हतं?

रम्या: होतं. आईला मी हळूहळू सांगेन म्हणाला होता.

कृष्णाजी: आणि मी तेच बज्जीबरोबर वाढलों.

रम्या: अम्मा असती तर...

कृष्णाजी: टेबलाखाली माझा पाय तुडवती. इकडे बघ की. सारखं त्या माशांत डोकं.

रम्या: दोन्हीकडचे परवाच एकत्र सोडलेत. जोड्या जमतात का, बघायला हवं.

कृष्णाजी: रंगीत ते विहिरीचे. मळके एन्नोरच्या नाल्याचे. दोन जाती वाटतात.

रम्या: मूळ एकच. मी शाळेत होते तेव्हा डासांसाठी एकाच टाकीतले गप्पी दोन्हीकडे सोडले होते.

कृष्णाजी: मग हा रंग?

रम्या: एन्नोरच्या नाल्यात विराल आहे. मोठा मासा. चमकणारा गप्पी त्याला आधी दिसतो, त्यालाच तो आधी गिळतो. मळके वाचतात, त्यांची पिल्लं मळकी. विहिरीत खाणारं कुणी नाही. तिथं माद्या रंगीत नर निवडतात.

कृष्णाजी: म्हणजे मासा पाणी बघून रंग बदलतो.

रम्या: नाही. एकही मासा बदलत नाही. मागे कोण उरतो, ते बदलतं. पिढ्यान् पिढ्या.

कृष्णाजी: वेगळी जात झाली असं कधी म्हणायचं?

रम्या: जोडीच जमेनाशी झाली की. किंवा जमली, पण पिल्लांना पुढे पिल्लं होईनात, तरी. यांचं अजून कळलेलं नाही.

कृष्णाजी: तुझे आजोबा, आमचे अण्णा, साताऱ्यास गेले होते. माझ्यासाठी मुलगी मागायला.

रम्या: साताऱ्याला? कधी?

कृष्णाजी: मला बँकेत नोकरी लागली तेव्हां. तिथले लोक श्रीखंड वाढले, पाटावर बसवले. निघतां म्हटले, तुम्ही मद्रासी झालात, आमची मुलगी तिकडे कशी राहील? अण्णा परत आले ते घरीं नाही, थेट अक्काच्या दारांत बसले. तुझीच दे म्हटले.

रम्या: हे मला कधी सांगितलं नाहीत.

कृष्णाजी: सांगूनशी काय? तुझी अम्मा मिळाली. तक्रार नाही. पण आज ती बाई आल्या आल्या म्हटली, किती गोड बोलता हो तुम्ही. मला वाटलं, अण्णांना साताऱ्यास कोणी परत बोलावलं.

रम्या: अप्पा...

कृष्णाजी: आतां काय भीती त्यांना? तुला होणाऱ्या मुलांची?

रम्या: तीच असेल. पण उलट आहे. सिद्धार्थचं घर इतकं लांबचं, आमच्या मुलांना नात्यातल्या लग्नाचा तो धोकाच नाही.

कृष्णाजी: मग ऊठ. ऑटो करूं, एग्मोरला त्यांच्या हॉटेलांत जाऊं. हेच सांग.

रम्या: काय सांगू? गप्पींची गोष्ट?

कृष्णाजी: मी हात जोडतों. मला लाज नाही.

रम्या: मला आहे. समजावून हो म्हणवलं, तर जन्मभर समजावतच राहावं लागेल.

कृष्णाजी: तुला तो नको झाला काय?

रम्या: हवा आहे, अप्पा. म्हणून तर हलत नाही इथून.

कृष्णाजी: फोन. तुझा फोन वाजतो. घे की!

रम्या: सिद्धार्थ? ... हं. ... हं.

कृष्णाजी: काय म्हणतो?

रम्या: आई खोलीत बसलीय. कुणाशी बोलत नाही.

कृष्णाजी: सकाळची गाडी ना त्यांची? सामान बांधले?

रम्या: अजून नाही.

कृष्णाजी: मग हो, की नाही?

रम्या: त्यालाही माहीत नाही.

कृष्णाजी: ठेवलास फोन?

रम्या: नाही. दोघंही काही बोलत नाही आहोत. चालू आहे.