ढोलाखालची हळद

—ती पुडी खाली ठेव आधी. पोरीच्या हाताला लागू देऊ नकोस. पलीकडच्या दुकानातनं घेतलीस ना? मग माझ्या टोपलीशी कशाला थांबलीस — माझी हळकुंडं एवढी मातकट का, ते विचारायला? आहेतच मातकट. चेन्निमलै गावच्या माझ्या भावाच्या रानातली आहेत, मातीतनं निघालीत, सोनाराकडनं नाही. बस इथं सावलीला, कण्णू, माझ्या लेकी. पोरीला मांडीवर घे. किती खोकतेय — चार दिवस झाले म्हणतेस? आणि फोनमधल्या बाईनं सांगितलं, दुधातनं हळद द्या. बरोबर सांगितलं तिनं. तिला काय जातंय सांगायला, ती काही हळद घासायच्या ढोलावर उभी राहिली नाही.

हळदीचे गुण मला नको सांगूस. एवढ्या एवढ्या असताना आम्हा तिघी बहिणींच्या अंगावर देवी आल्या, तर आईनं कडुलिंबाचा पाला नि हळद वाटून पायापासनं कपाळापर्यंत लावली, आरशात बघून आम्हीच आम्हाला भ्यालो. भावाचा पाय कुऱ्हाडीनं फाटला, मूठभर हळद दाबून बांधला — आजही तो त्याच पायानं नांगरामागं चालतो. घसा बसला हळद, सांधा धरला हळद, बाळंतीण उठली हळद. माझ्या लग्नात सोनं नव्हतं, तर पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून तेच माझ्या गळ्यात घातलं, आणि बत्तीस वर्षं टिकलं ते लग्न. हळदीला मी नावं ठेवीन का? किळस येते ती या तुझ्या पुडीतल्याची. वास घे. घे की — येतोय काही? नाही येत. आता माझं हे हळकुंड मोड. जोरानं मोड. बघितलंस आत, पिकलेल्या पपईसारखं, आणि वास कसा नाकात शिरला. तुझी पुडी बाहेरनं लग्नाच्या मांडवासारखी आणि आतनं — थू. माफ कर, पोरीसमोर थुंकले.

करतात कसं, ते विचार. हळद शिजवायची, वाळवायची, मग जाळीच्या ढोलात घालून फिरवायची, म्हणजे साल घासून निघते. इथवर सगळं नीट. शेवटच्या फेऱ्याला पूर्वी हळदीचंच पाणी शिंपडायचे, चकाकी यावी म्हणून. मग पत्र्याचे डबे यायला लागले. दारं-खिडक्या रंगवतात ना, तसली पिवळी भुकटी. आमच्या कारखान्यातला पळनी मेस्त्री म्हणायचा, दोन वाट्या टाका, लांबच्या गिऱ्हाइकाला डोळ्यांनी खायचं असतं. किडकी हळद असली की तीन वाट्या. भोकं बुजतात. भोकातली कीड आत मेलेली आणि वरनं सोनं.

कोण टाकायचं म्हणजे? ढोलावरची बाई टाकायची.

असू दे, नाव कशाला हवंय तिचं. पंचवीस वर्षं होती ती तिथं. पावायी म्हणायचे तिला, नि डोक्याचे केस पिकले तशी सगळे पाट्टी म्हणायला लागले, आजी झाली ना सगळ्यांची. हो, मीच. असं बघू नकोस माझ्या हातांकडं, धुतलेत. किती वेळा धुतलेत ते मला ठाऊक. मला वाटायचं, लांबचे खातात, आपल्याला काय. असंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण हळदीवर पाय द्यायचा नाही, हे आईनं शिकवलेलं. ढोलाखाली धूळ पडायची, पिवळीधमक, बाकीच्या बाया चपला घालून तुडवायच्या तिला. मला बघवायचं नाही. लक्ष्मी ती, पायाखाली कशी? मग दर शुक्रवारी, सुट्टी व्हायच्या आधी, मी वाकून वाकून ती झाडून घ्यायची, पदरात बांधायची आणि घरी आणून डब्यात भरायची. मेस्त्री हसायचा — पाट्टीला बघा, घाणीची पूजा करते. मी म्हणायचे, हसा, माझी नात खाईल आणि तुमच्या पोरांपेक्षा टणक होईल.

तुळसीमणी माझी लेक, तिची ही दर्शिनी. दात यायच्या आधीपासनं रोज संध्याकाळी दूध, मिरी आणि ती हळद. मी स्वतः पाजायची. पिऊन झालं की ओठावर पिवळी मिशी उमटायची, मी पदरानं पुसायची. दोन वर्षांची झाली, बोलेना. लोक म्हणाले, उशिरा बोलतील ती पोरं हुशार असतात. मी हळद वाढवली, कण्णू. मी वाढवली. तिसऱ्या वर्षी कोवईला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणी बॅटरीचं काम करतं का, रंगाचं करतं का? मी म्हटलं, छे, आमचं घर हळदीचं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. मग रक्त घेतलं, त्यात शिसं निघालं, लहान पोराची वाचा खातं ते. बाई म्हणाल्या, घरातलं सगळं आणा, तपासू. मीठ आणलं, तांदूळ आणले, तुळसीमणीचं कुंकू आणलं. डबा मी शेवटी आणला. शिसं त्यातच निघालं.

मेस्त्रीकडं गेले तर म्हणतो, आम्ही दिली होती का तुला? जमिनीवरचं कोण खातं? आमच्या घरची हळद वेगळी फिरवतो आम्ही. वेगळी, ऐकलंस? म्हणजे सगळं ठाऊक होतं मेल्याला. आणि मला नव्हतं ठाऊक? डबा मीच उघडायची, वाट्या मीच मोजायची. लक्ष्मी म्हणून पदरात घेतलं, ते माझ्याच हातनं पडलेलं होतं. नवरा गेला तेव्हा आमच्या रीतीनं तोंडाला लावायची हळद सुटली, लोक हळहळले. मला आता वाटतं, बरं झालं. तोंडाला लावायला हातच झाला नसता.

तुळसीमणी माझ्या हातचं पाणी घेत नाही. भांडं उचलते आणि ओतून देते.

हे घे, ही चार हळकुंडं. घरी स्वतः कुटायची, गिरणीत नाही, स्वतः. चिमूटभर दुधात. आणि दोन दिवसांत खोकला उतरला नाही तर डॉक्टरकडं जायचं, फोनकडं नाही. ती पुडी इकडं दे, मी गटारात — नको, गटारातनं कुठं जाईल ते. ठेव, मी बघते.

काय म्हणाली ही पोर?

पुन्हा म्हणायला लावू नकोस. ऐकलं मी. माझ्याकडं बोट करून पाट्टी म्हणाली. किती महिन्यांची म्हणालीस — दीड वर्षाची. आणि इतकं स्पष्ट.

दर्शिनीला चैत्रात सात वर्षं पुरी झाली, तिनं अजून नाही म्हटलं.

ऊठ आता. ऊन चढायच्या आत घर गाठ. नाही, मला काही झालं नाही, धूळ आहे इथं. जा म्हटलं ना. आणि तिचं तोंड पुढं कर, खांद्यावरनं मागं बघतेय ती.