शेवट माझे, सुरुवाती ताईच्या

...नाही, पण मला एक सांगा, ऑपरेशन कुणाचं? ताईचं. डोळा कुणाचा? ताईचा. आणि घसा कुणाचा बसला? माझा! हा कुठला न्याय? तुम्हाला सांगतो, डोळ्याच्या डॉक्टरांनी तिला तीन गोष्टींची बंदी घातली: डोळा चोळायचा नाही, वाचायचं नाही आणि आठवडाभर रडायचं नाही. ताई म्हणाली, "पहिली जमेल, तिसरीही जमेल. दुसरीचं काय?" कारण दुसरा डोळा तर आधीच अर्धपगारी रजेवर! डॉक्टरांनी मेव्हण्यांकडे बघितलं. आमच्या मेव्हण्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, दिवसाला चार शब्द बोलतात, तेही मोजून. त्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून बघितलं, तर मागे भिंत! झालं. सात दिवस, रोज चार ते सात, ताई डोळ्यावर ती भोकाभोकांची वाटी लावून आरामखुर्चीत, आणि समोर स्टुलावर... मी आपला वाचतोय!

बरं, वाचायचं काय? तर आमचीच पुस्तकं. आता ही 'आमची पुस्तकं' काय भानगड आहे ते ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस उगाच कुरकुरतोय. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाचनालय होतं. चष्म्याला दोरी बांधलेले एक आजोबा बसायचे तिथे. नियम एकच: एका घराला एक पुस्तक, एका दिवसासाठी, उद्या सकाळी टेबलावर! आणि घरात वाचणारे आम्ही दोघं. ताई अकरा वर्षांची, मी आठ. एका दिवसात दोघांचं कसं व्हायचं? मारामाऱ्या, केस ओढणं, आईचे धपाटे... शेवटी ताईनेच तोडगा काढला. ज्या पुस्तकाची शिवण सुटून मधोमध दोन तुकडे झालेत, तेच आणायचं! पहिला तुकडा तिचा, दुसरा माझा. जिन्यात ती वरच्या पायरीवर, मी खालच्या. आणि जेवताना तिने मला सुरुवात सांगायची, मी तिला शेवट. सकाळी दोन्ही तुकडे पुठ्ठ्यात सारले की पुस्तक पुन्हा धडधाकट! त्यामुळे आमची निवड कशी, बघा. लोक लेखक बघतात, विषय बघतात. आम्ही पुस्तक पाठीला धरून हलवायचो. डुगडुगलं की आपलं! मग ती रहस्यकथा असो, कविता असोत, नाहीतर मधमाशापालन असो. लोक मला अजून म्हणतात, "काय हो तुमचं चौफेर वाचन!" कसलं चौफेर? तुटकं!

पुढे ताईचं लग्न झालं आणि त्याच वर्षी वाचनालय बंद झालं. आजोबा म्हणाले, "शिवण सुटलेली सगळी तुम्ही दोघं घेऊन जा. तुमच्याशिवाय कुणी हात लावला नाही त्यांना." त्यांच्याच टेबलावर वाटणी केली. सुरुवाती गेल्या ताईच्या सासरी, शेवट आले माझ्या कपाटात. हसू नका! तेव्हा आम्हाला ते अगदी रीतसर वाटलं होतं. आता भोगा! रोज पिशवीत एक शेवट घालायचा, तिचे चार जिने चढायचे, तिच्या फळीवरून त्याची सुरुवात शोधून काढायची, धूळ झटकायची, शिंकायचं, आणि मग... मी आपला वाचतोय.

सोमवारी रहस्यकथा. खुनी कोण हे मला पंचावन्न वर्षं माहीत, आणि तिला पंचावन्न वर्षांपूर्वी मीच सांगितलेलं. तरी नवव्या पानावर ताई, "थांब! हा माळी मला काही बरा दिसत नाही." अगं, माळीच खुनी आहे, तुला ठाऊक आहे! "ठाऊक आहे रे, पण मला माझा संशय घेऊ दे. पुढे." मी पुढे. पण माझंच लक्ष लागेना. का? तर माझ्या आठवणीत या गोष्टीच्या सुरुवातीला एक पोपट होता. चांगला धष्टपुष्ट, एका डोळ्याने अधू, खून बघणारा एकमेव साक्षीदार! मी पानामागून पान उलटतोय, पोपटाचा पत्ता नाही. "ताई, पोपट कुठाय गं?" ताई म्हणते, "येईल. वाच." तुकडा संपला, पोपट आलाच नाही! म्हटलं, वय झालं, दुसऱ्या कुठल्या पुस्तकातला असेल.

मंगळवारी भुताची. चार वाजता, खिडकीतून ऊन येतंय, हातात चहाचा कप, तरी माझी पाचावर धारण, आणि ताई खुदुखुदू हसतेय! "भुतापेक्षा तुझाच आवाज चिरका येतोय, बाळ्या." बाळ्या! त्रेसष्ट वर्षांचा आहे मी! आणि त्या पडक्या बंगल्याच्या दारात 'परत जा, परत जा' ओरडणारा पोपट होता हो, मला पक्कं आठवत होतं. बंगला होता, भूत होतं. पोपट? नाही! तुम्हाला सांगतो, लहानपणी मला वाटायचं, पोपट हा पक्षी प्रत्येक पुस्तकाच्या मधोमध उडून जातो. कारण माझ्या तुकड्यात तो कधी सापडायचाच नाही. पण निदान तिच्या तुकड्यात तरी असायला हवा की नको?

बुधवारी मधमाशापालन. पेटी कुठे ठेवावी, राणीमाशी कशी ओळखावी, हे तिच्या तुकड्यात. मध कसा काढावा, कसा गाळावा, हे माझ्या. तेव्हा आम्ही दोघांचं ज्ञान एकत्र करून मागच्या झाडाच्या पोळ्यात हात घातला होता. फक्त 'माशा चिडल्यास काय करावे' ही चार पानं नेमकी शिवण सुटली तिथली, आम्हाला मिळायच्या आधीच गळालेली! तीन दिवस ताईचं नाक कुठे आणि माझे कान कुठे, आईला समजेना. आणि हो, पहिल्याच प्रकरणात 'पेटी पोपटापासून जपावी' असं लिहिलंय याबद्दल मी पैज लावायला तयार होतो. नाही लिहिलेलं.

गुरुवारी प्रेमकथा! आता तुम्हीच सांगा, सख्ख्या बहिणीसमोर, या वयात, 'त्याने तिचा हात अलगद हातात घेतला' हे काय मोठ्याने वाचायचं? मी गुपचूप दोन पानं गाळली. "बाळ्या, गाळलीस. दोन पानं एकदम उलटल्याचा आवाज वेगळा येतो." कान आहेत का काय! खरं सांगू, आमची दोघांची आयुष्यं त्या तुटक्या प्रेमकथांनीच ठरवली. तिच्या वाट्याला नुसत्या भेटीगाठी आल्या, म्हणून तिने बिनधास्त लग्न केलं. माझ्या वाट्याला रुसवे, गैरसमज आणि आजारपणं. मी राहिलो तसाच.

शुक्रवारी कविता. ताई झोपली, मेव्हणे रडले. विचारू नका. शनिवारी एका पूल बांधणाऱ्या इंजिनियरचं चरित्र. ताई म्हणाली, "आपली थोर माणसं माझ्याकडे जन्मायची आणि तुझ्याकडे मरायची, नाही रे?" मी हसत हसत पिशवी उचलली, दारापर्यंत गेलो, आणि मागून ताई, "उद्या टपालाचा घोडा आण."

नेमकं तेच पुस्तक! तुम्हाला म्हणून सांगतो, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. डोंगरात टपाल नेणारा एक म्हातारा घोडा असतो. रस्ता होतो, मोटार येते, घोडा विकतात. तो दावं तोडून आपल्या जुन्या मालकाच्या घराकडे चालायला लागतो... आणि तिथे ताईचा तुकडा संपतो. त्या दिवशी ताई ताटावर बसून राहिली, घास उचलेना. "पोचला का रे?" आणि माझ्या तुकड्यात तो पोचतच नाही हो. पुलावरच पडतो, मालकाच्या घराचा दिवा समोर दिसत असताना. मी जिन्याखाली एकटा रडून, तोंड धुऊन आलो होतो. ताईचं ते तोंड बघितलं आणि म्हणालो, "पोचला की! मालकाने गळ्यात हात टाकले, हिरवंगार गवत दिलं!" माझं आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं. ताई जेवली. तेव्हापासून माझा जीव टांगणीला! वाटणीतही तो तुकडा मी आधी उचलला आणि कपाटात सगळ्यात मागे दडवला, तिच्या हाती लागू नये म्हणून. आणि आता तिच्या डोळ्यावर वाटी, डॉक्टर म्हणतात रडायचं नाही, आणि ही बाई म्हणते घोडा वाच!

वाचला. शेवटच्या सहा पानांवर आलो आणि कागदावर एक, तोंडात दुसरंच! घोड्याला पूल ओलांडायला लावला, मालकाला कंदील घेऊन बाहेर काढला, गवत घातलं, पाणी पाजलं, पाठीवर घोंगडी टाकली... कशाला म्हणून कमी पडू दिलं नाही! छापलेलं काही दिसत नव्हतं, डोळे भरलेले, आणि मी आपला वाचतोय. म्हणजे वाचत नाहीये, पण वाचतोय!

संपलं. मग ताई हळूच म्हणाली, "बाळ्या, शेवटी बराच वेळ तू एकच पान धरून बसलास."

अरे देवा! पानं उलटायची विसरलो!

"ताई, ते म्हणजे..." "मला माहीत आहे रे. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत द्यायला मीच गेले होते ना? वाचनालयाच्या पायरीवर बसून तुझा तुकडा वाचला. खूप रडले. घरी आले तर तू दारातच उभा. म्हणालास, 'ताई, घोडा पोचला म्हणून तुला बरं वाटलं ना?' मी काय सांगणार? म्हटलं, खूप बरं वाटलं."

आता यावर माणसाने काय करायचं? मी रडलो. स्टुलावर बसून, भोकाड पसरून! ताई म्हणते, "रड. बंदी मला आहे, तुला नाही." आणि नाक शिंकरता शिंकरता माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "ताई... पोपट?"

ताई हसायलाच लागली. "तुला पोपट पाळायचा होता ना तेव्हा? आई नाही म्हणाली. म्हणून मी सगळ्या सुरुवातींमध्ये घालायचे."

"मधमाशापालनातसुद्धा?"

"तिथे जरा जड गेलं."

मेव्हण्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि आठवड्यात पहिल्यांदा एक अख्खं वाक्य बोलले, "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून आयुष्यात एकही पुस्तक वाचलेलं नाही."

घ्या! चौफेर वाचन! आता पुढच्या महिन्यात तिचा दुसरा डोळा. परत सात दिवस, परत चार जिने, परत बंदी. मी ठणकावून सांगितलं, ताई, या वेळी छापलंय तसंच वाचणार, एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही! ताई म्हणाली, "वाच की. फक्त या वेळी पोपट तू घालायचास." आता काय करणार? मोठी बहीण आहे. चार दिवस झाले, घशाला मफलर गुंडाळून बसलोय... पण मला सांगा हो, त्या पूल बांधणाऱ्या इंजिनियरच्या घरात मी पोपट आणू कुठून?