पहिली पाटी गावदेवीची

मंडळी, माना जरा इकडं करा! एक साधा प्रश्न विचारतो. हातातली वस्तू आपण फेकतो आणि म्हणतो, "गेली." गेली — कुठं? वैकुंठाला? तिथं आपल्यालाच जागा मिळेल की नाही शंका! मग गेली कुठं? ऐका.

खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा. तिथं हसुराम तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. मिशी लांब — आणि बोलणं मिशीहून लांब! गावची रीत अशी, की नारळी पुनवेनंतर होड्या सुटल्या, की पहिली पाटी, म्हणजे माशांची पहिली टोपली, गावदेवीची. वाजतगाजत देवळात न्यायची. पाटीतलं सगळं देवीच्याच कामाला लावायचं, टाकायचं काही नाही. बाकीचे तांडेल चांगली पापलेटं निवडून पाटी भरत. हसुरामला ते कमीपणाचं वाटलं. पुनवेला सगळ्या गावासमोर छाती काढून म्हणाला, "मी निवडनार नाय. जाल्यात पयलं जे येईल, ते जसंच्या तसं देवीला."

आलं की हो! जाळं असं जड, की पाच गडी ओढून दमले. हसुराम हरखला. त्यानं होडीतूनच बँडवाल्याला फोन लावला! मग जाळं वर आलं — आणि आत काय? बाटल्या, तुटकी बादली, नायलॉनच्या दोऱ्या, अकरा चपला, त्यात जोडी एकाही चपलेची नाही! मासा? होता ना, एक होता. तोही बाटलीत अडकलेला!

हसुराम पेचात पडला. नवस मोडला तर देवीचा कोप. शिवाय शब्द मोडणाऱ्या तांडेलाच्या होडीवर गडी कोण येणार? पाळला तर गाव हसणार. गुपचूप परत समुद्रात टाकावं, असंही मनात आलं. पण किनाऱ्यावर बँड उभा! पाटी बघून त्याची बायको मथुरा एवढंच म्हणाली, "नवस बोललाव ना? मंग उचला."

निघाली मिरवणूक! पुढं बँड, मागं हसुराम, डोक्यावर बाटल्या खडखडतायत. बँडवाल्याला वाटलं, आपलाच ताल चुकतोय. देवळात गुरवानं पाटीत हात घातला आणि एक डबा काढला. झाकणावर अक्षरं होती. आणि आमचा गुरव म्हणजे सगळं मोठ्यानं वाचणारा — "हसुराम तांडेल परिवाराकडून सप्रेम भेट."

मंडळी, दोन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात हसुरामनं पाहुण्यांना हेच डबे वाटले होते. उरलेले डबे, ग्लास, प्लेटा, सगळं त्यानंच खाडीत ओतलं होतं आणि हात झटकून म्हणाला होता — गेलं! गाव हसेल असं वाटलं, पण कुणी हसेना. जो तो पाटीकडं टक लावून, पुढचं नाव आपलं तर निघत नाही ना! हसुरामला लाज वाटली. खरी लाज, डोळ्यांत पाणी आणणारी.

पण रीत ती रीत. देवीचं झालं, आता टाकायचं नाही. मथुरानं बायका जमवल्या. दोऱ्यांना पीळ देऊन घंटेचा दोर वळला. खाऱ्या वाऱ्यानं सुंभ दरवर्षी तुटायचा, हा काही तुटेना. बाटल्या कापून त्यात झेंडू लावला. चपला बघून गुरव घाबरला, देवळात चपला चालायच्या नाहीत म्हणाला. "आत कोन नेतंय?" मथुरानं विचारलं, आणि चपलांचे तळ एकमेकांना शिवून पायरीबाहेर पायपुसणं घातलं.

राहिला डबा. त्यात देवीचा अंगारा ठेवायचं ठरलं. गुरवानं विचारलं, झाकणावरचं नाव खरवडून काढू का? हसुरामनं डबा हातात घेऊन नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मना रोज दिसू दे."

तेव्हापासून त्या गावची होडी जाळ्यात आलेलं प्लास्टिक समुद्रात परत टाकत नाही.

झाली हसुरामची गोष्ट. आता तुमची! कीर्तनाआधी चहा घेतलात ना? प्लास्टिकच्या कपातून? कप कुठायत? सतरंजीखाली! मला इथून दिसतायत! आणि तबलजी, तुम्ही कशाला हसताय? तुमच्या तबल्यामागं एक कप आहे — तो मीच लपवलाय. द्या इकडं. आधी माझा उचलतो, मग तुम्ही उठा.