देमिसेभावजींच्या कॉफीला धूरच नाही

...नाही, पण मी म्हणते, ज्या माणसानं जन्मात कढईचा कान धरला नाही तो कॉफी भाजायला निघतो म्हणजे काय? आणि कशात, तर लाह्या फोडायच्या यंत्रात! तुम्हाला सांगते, मी हातातलं काम टाकून गॅलरीतच आले. तशी मला बाई कुणाच्या घरात डोकवायची सवय नाही, पण आमच्या अदिस अबाबातल्या या इमारतीत सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच गॅलरीत उघडतात, त्याला मी काय करू?

झालं काय, समोरची अस्नाकेच, देमिसेभावजींची बायको, पाय घसरून पडली आणि मनगट प्लास्टरमध्ये. आता आमच्या मजल्याची कॉफी म्हणजे अस्नाकेचची. तिच्या दारातून दाणे भाजल्याचा धूर आला की आम्ही बायका चपला शोधायला लागायचो. ती रडवेली होऊन नवऱ्याला म्हणते, "अहो, कॉफी बंद पडली तर या सगळ्या खालच्या जेनेतकडे जाऊन बसतील. एकदा बसल्या की परत येतात होय? मग मी बोलू कुणाशी, तुमच्याशी?"

देमिसेभावजी म्हणजे आयुष्यभर बस चालवलेला माणूस. म्हणाले, "मी भाजतो. रविवारी बोलाव सगळ्यांना." कॉफीबरोबर लाह्या लागतात म्हणून मुलीनं दुबईहून ते छोटंसं यंत्र पाठवलेलं, तेच काढलं. "गरम हवेनं दाणे आपोआप फिरतात, ढवळायचं काम नाही."

मला डोकवायची सवय नाही, पण आवाजच असा, जसं काही त्यांची बस घरात शिरली! हिरव्या दाण्यांचा कोंडा उडाला तो थेट छताला, भावजींच्या मिशीला, अस्नाकेचच्या प्लास्टरला... आणि मग चट, चट, चट. भावजींनी झटक्यात वायर उपटली. "फुटतंय गं यंत्र!"

"दाणे फुटतायत," आतून अस्नाकेच. "फुटायलाच हवेत. लावा परत."

पहिला घाणा आतून कच्चा, दुसऱ्याचा कोळसा. पण माणूस चिकट हो, शनिवारपर्यंत दाणे असे एकसारखे तांबूस काढले, की मी खिडकीतून... म्हणजे जाता जाता पाहिले, नाव ठेवायला जागाच नाही.

रविवारी आम्ही सगळ्या जमलो. खाली रिवाजाप्रमाणे ताजं गवत पसरलेलं, लाह्या मांडलेल्या, अस्नाकेच नवा पांढरा झगा घालून बसलेली. भावजी आत गेले, यंत्र घरघरलं, आणि ताटलीत भाजलेले, गार केलेले दाणे घेऊन बाहेर आले. बाफेनाआजींनी, आमच्यात सगळ्यात वडील, नेहमीसारखा हात पुढे केला, धूर नाकाशी ओढून घ्यायला. हात तसाच राहिला.

"देमिसे, धूर कुठाय?"

"खिडकीबाहेर सोडला, आजी. तुमच्या डोळ्यांना झोंबतो ना."

आता तुम्हीच सांगा, धूर नाकाखालून फिरवला नाही, तर पाहुण्याला बोलावलं कशाला? एक बाई खांद्यावरची शाल सावरत म्हणाली, "बरं, निघतेच मी, जेनेतनं हाक मारली होती..." अस्नाकेच मान खाली घालून नुसती नखानं प्लास्टर खरवडत राहिली. तिचं तोंड मला बघवेना.

भावजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं. आत गेले. लांब वायर जोडली, यंत्रात नवे दाणे ओतले आणि ते घरघरतं धूड दोन्ही हातांत धरून बाहेर आले, अगदी चर्चमधलं धुपाटणं फिरवावं तसे, एकेकीच्या नाकाखाली! गरम हवा, धूर, कोंडा, सगळं एकदम तोंडावर. शेजारीण शिंकतेय, मी डोळे चोळतेय, मघाची ती निघालेली बाई केस झाडत परत खाली बसली. बाफेनाआजींच्या पांढऱ्या केसांत कोंडाच कोंडा, आणि त्या डोळे मिटून दोन्ही हातांनी धूर ओढतायत. "देव या घराचं भलं करो. देमिसे, जरा इकडे परत आण रे."

अस्नाकेच तेव्हा हसली ती हसतच राहिली.

आता तिचा हात कधीच बरा झाला, पण भावजी यंत्र सोडतात कुठले? नाकाखाली फिरवायच्या नादात दाणे रोज जळतात. कॉफी कडू जहर. पहिला कप कसाबसा गिळते, दुसऱ्याला जीव नकोसा होतो, आणि उठावं म्हटलं तर उठता येतं का? आमच्यात कॉफी तीन कप प्यायची, आणि आशीर्वाद असतो तो तिसऱ्या कपात.