एकतीस जूनची मॅच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, ज्यांनी मला मघाशी कानात "पाच मिनिटांत आटपा बरं का" असं अत्यंत आदरपूर्वक सांगितलं, ते आपल्या क्लबचे अध्यक्षमहोदय. व्यासपीठावर विराजमान झालेल्या प्रमुख पाहुण्या. निरोप समारंभातसुद्धा गळ्यात शिट्टी घालून आलेले प्रशिक्षक सर. आजची सत्कारमूर्ती, आपली गोलकीपर, जिला सगळा क्लब लाडाने बाकताई म्हणतो. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसलेले तिचे वडील, म्हणजे आपणा सर्वांचे काका. खेळाडू मुली, त्यांचे पालक, आणि मोबाइल बंद ठेवा असं दोनदा सांगूनही माना खाली घालून बसलेले सन्माननीय श्रोते, सर्वांना माझा नमस्कार.

मी क्लबची वेबसाइटवाली. माझी आठवण लोकांना दोनच वेळा येते. एक, वेबसाइट बंद पडली की. आणि दुसरी, कुणाच्या भाचीचा फोटो वर गेला नाही की. आज पहिल्यांदाच फुलं देऊन माइकसमोर उभं केलंय, त्यामुळे मी थोडी वाहवत जाणार आहे. अध्यक्षमहोदय, घड्याळाकडे बघू नका.

बाकताई आज निवृत्त होते आहे. बारा वर्षं, म्हणजे एक तप, ती आपल्या गोलमध्ये उभी राहिली. तिने किती चेंडू अडवले तो आकडा अध्यक्ष सांगतीलच. तो त्यांना मीच लिहून दिलाय. मला सांगायची आहे ती तिच्या पहिल्या मॅचची गोष्ट. म्हणजे जी मॅच झालीच नाही, तिची. बारा वर्षं ती माझ्या पोटात आहे आणि पोट आता दुखायला लागलंय. काळजी नको, ज्यांची परवानगी हवी होती त्यांची तासाभरापूर्वीच चहाच्या टेबलाशी घेतली आहे. कुणाची, ते ओघात येईल.

तर बारा वर्षांपूर्वी क्लबला वेबसाइट हवी झाली. चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत आमचं ऑफिस. माणसं दोन, मी आणि माझी धाकटी नणंद. सासरहून मला जे जे मिळालं त्यात ही सगळ्यात टिकाऊ निघाली. तिसऱ्या रांगेत बसलीय बघा, आत्ता डोळे वटारतेय ती. आम्ही चार महिने अध्यक्षांकडे मजकूर मागत होतो. मॅचची माहिती द्या, बातम्या द्या, फोटो द्या. "उद्या देतो." हे उद्या चार महिने चाललं. पण उद्घाटनाची तारीख मात्र ठरली, पाहुणे ठरले, पेढ्यांचे बॉक्सही आले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

आता मजकूर नसेल तर आमच्या धंद्यात रिकाम्या जागी खोटा मजकूर भरतात. पान कसं दिसतं ते कळावं, एवढ्यासाठीच. बहुतेक लोक अर्थ नसलेली अक्षरं भरतात. मीही भरायचे. पण एका गिऱ्हाइकाने ती वाचून, "बाई, वेबसाइट आपल्या भाषेत करायची ठरली होती ना?" असं विचारल्यापासून मी खोट्या मजकुरात गोष्टीच लिहायला लागले. आणि खोटा मजकूर चुकून बाहेर गेला तर लगेच डोळ्यांत खुपावा म्हणून आमच्या ऑफिसचा एक नियम होता, अजूनही आहे. खोट्या मजकुरावर तारीख घालायची ती एकतीस जून. जूनला एकतीस दिवस नसतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, असा माझा भाबडा समज.

क्लबच्या पानावर गोष्ट कुणाची लिहायची? मी फोटो काढायला मैदानावर गेले होते तेव्हा माझ्याशी बोलायला एकाच मुलीला वेळ होता. बाकावर बसलेल्या मुलीला. दोन मोसम झाले होते, राखीव गोलकीपर. एक मिनिटसुद्धा खेळायला मिळालं नव्हतं. सगळ्या बाकावरच्या मुलींत ती वयाने मोठी म्हणून तिचं नाव बाकताई. माझी कॅमेऱ्याची बॅग सांभाळत ती सहज म्हणाली, "पुढच्या रविवारी हातमोजे परत करणार आहे मॅडम. बास झालं. घरीसुद्धा सांगून टाकलंय." डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या. म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

मग मी तिला एक मॅच लिहून दिली. शेवटचं मिनिट, समोरच्या संघाला पेनल्टी, नेहमीची गोलकीपर जखमी, बाकताई मैदानात, झेप, चेंडू हातात, मैदानभर जल्लोष. एकतीस जून.

उद्घाटनाला माउसला लाल फीत बांधली होती. अध्यक्षांनी ती कापली, माउस हातात घेतला. मी म्हटलं, "सर, डावीकडचं बटण." तिथे दोन बटणं होती. डावीकडचं फक्त पहिलं पान दाखवणारं आणि उजवीकडचं, 'सर्व प्रकाशित करा'. दोन्ही निळी, दोन्ही एकाच मापाची, एकमेकांना खेटून. अशी बटणं करणारा माणूस कुठल्या लायकीचा म्हणायचा? ती मीच केली होती. अध्यक्षमहोदय, तुम्ही उजवीकडचं दाबलंत यात तुमचा काडीचाही दोष नाही. हे मी आज जाहीरपणे सांगते. बारा वर्षं मी खाजगीत वेगळं सांगत होते.

आणि बातमी गेली की हो जगात! संध्याकाळपर्यंत तिच्याखाली दोनशे बारा अभिनंदनं. अंगठे, फुलं, टाळ्या, नाचणारी अस्वलं. एकतीस जून कुणाला दिसला? एकालाही नाही! उलट एका गृहस्थांनी लिहिलं, "मी स्वतः मैदानात होतो. काय ती झेप! उजव्या हाताने अडवला." त्यावर दुसऱ्याने लिहिलं, "मीही तिथेच होतो. हात डावा होता. अज्ञान पसरवू नये." तीन दिवस जुंपली होती दोघांची. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. पहिल्याने शेवटी दुसऱ्याला खेळातलं काय कळतं असं विचारलं आणि दुसऱ्याने पहिल्याचं शिक्षण काढलं. ते दोघे आज सभागृहात असतील तर कृपया हात वर करू नयेत, डावाही नाही आणि उजवाही नाही.

मी हसत होते, खोटं कशाला बोलू? पण गुरुवारी सकाळी बाकताई आमचा जिना धाडधाड चढून आली.

"आधी ते काढा."

"अगं, बस तर."

"बसत नाही. बसूनच असते मी. ड्रेसिंग रूममध्ये मोठ्याने वाचून हसल्या सगळ्या. बाकावर बसते ते काय कमी होतं, म्हणून न झालेल्या मॅचची हिरॉइन केलंत मला?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बातमी उडवायला माउसवर हात नेला आणि तिचा फोन वाजला. काका. फोन तिच्या कानाला होता, पण मला सगळं ऐकू येत होतं, कारण काका फोनवर बोलतात तेव्हा फोनची तशी गरज नसते. "अगं वाचलं मी! तीनदा वाचलं! कोपऱ्यावरून छापून आणलं! मामाला कळवलंय, शेजारी सांगितलंय, रविवारी आम्ही सगळे येतोय बघायला!" ती "बाबा, ऐका ना" म्हणाली. परत एकदा म्हणाली.

फोन ठेवल्यावर आमच्या खिडकीतून खाली बघत राहिली. म्हणाली, "आई गेल्यापासून असे बोलले नव्हते ते." आणि मग, "ठेवा. रविवारपर्यंत राहू द्या. हातमोजे दिले की मीच सांगेन त्यांना."

रविवार. आपल्या मॅचला तेव्हा प्रेक्षक किती असायचे, सर? एकोणीस. त्यातले चार जण मैदान कधी रिकामं होतंय याची वाट बघणारे. त्या रविवारी काका अख्खी गल्ली घेऊन आले. मामा आले, मामी आल्या. इस्त्रीवाला दुकान बंद करून आला. दाताचे डॉक्टर आले. शेजारच्या मावशी विणकाम घेऊन आल्या. यातल्या एकालाही फुटबॉल कशाशी खातात हे माहीत नव्हतं. मध्यंतरापर्यंत मुलगी बाकावरच दिसल्यावर मावशी सुया खोचून उठल्या आणि थेट सरांकडे गेल्या.

"अहो, आमची मुलगी कधी खेळणार?"

"मावशी, ती राखीव आहे."

"राखून ठेवलीत, छान केलंत. आता काढा. डॉक्टरांना साडेसहाचा पेशंट आहे."

सरांनी आयुष्यात भल्याभल्या संघांना तोंड दिलंय. मावशींपुढे त्यांचा बचाव कोसळला. उत्तरार्धात बाकताई मैदानात!

पहिलाच चेंडू आला, तिच्या दोन पायांमधून गेला, गोल. आणि आपली अख्खी गल्ली उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. चेंडू जाळ्यात गेला म्हणजे चांगलंच झालं असणार, असा त्यांचा हिशोब. मामांनी तर शिट्टी मारली. मला वाटलं, आता ही पोरगी रडत बाहेर येणार. तिने गल्लीकडे पाहिलं, आणि ती हसायला लागली. पोट धरून हसली. त्यानंतर तिने सात चेंडू अडवले. एक हनुवटीने. मॅच आपण हरलो, एक-शून्य. संपल्यावर ती हातमोजे घेऊन सरांसमोर उभी राहिली. सर म्हणाले, "मंगळवारी वेळेवर ये." एवढंच. हातमोजे तिच्याकडेच राहिले.

सोमवारी मी गुपचूप ती बातमी काढून टाकली. पण काकांकडची छापील प्रत कशी काढणार? लग्नकार्यात, दवाखान्यात, जिथे भेटतील तिथे काका मला विचारायचे, "हिच्या पहिल्या मॅचची बातमी तुम्हीच लिहिली होती ना? काय सुंदर लिहिली होती!" आणि मला ठसका लागायचा. बाकताई म्हणायची, सांगते, उद्या सांगते. आमच्या क्लबात उद्या म्हणजे काय, ते मी मघाशी सांगितलंच.

तर आज चहाच्या टेबलाशी मी धीर केला. म्हटलं, "काका, कबुली द्यायची आहे." त्यांनी बिस्किट बशीत ठेवलं, पिशवीत हात घातला आणि प्लॅस्टिकच्या कव्हरमधला तो कागद माझ्या हातात दिला. बारा वर्षांत मी तो पहिल्यांदाच जवळून पाहत होते. त्यावर सगळीकडे लाल पेन्सिलीच्या खुणा. माझ्या सात चुका दुरुस्त केलेल्या! काका छापखान्यात होते हे मला माहीत होतं. मी समजत होते, मशीन चालवत असतील. काका मुद्रितशोधक होते. अडतीस वर्षं, सकाळ-संध्याकाळ, दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी.

आणि 'एकतीस जून'भोवती लाल गोल. गोल नीट ओढलेला, आणि मग खोडलेला. तारखेच्या खाली बारीक टिंबांची एक रांग.

मी विचारलं, "ही टिंबं कसली?"

काका म्हणाले, "आधी चूक म्हणून खूण करायची, आणि मग वाटलं की नको, तर खाली टिंबं द्यायची. म्हणजे आहे तसं राहू द्या. कुणी हात लावायचा नाही."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"अहो ताई, अडतीस वर्षं तारखा तपासल्या. एकतीस जून माझ्या हातून सुटेल होय?"

"मग गल्ली घेऊन आलात ती?"

"ती हातमोजे परत करणार होती. मला तिला एकदा गोलमध्ये उभं राहिलेलं बघायचं होतं हो. बातमी तर छापून झालीच होती. मॅच तेवढी व्हायची राहिली होती."

बाकताई, इकडे बघ. काकांनी मला परवानगी दिली, पण एका अटीवर. "मी समोर बसलेला असताना सांगा, मला तिचं तोंड बघायचंय." आता तू हसतेयस की रडतेयस हे मला इथून नीट दिसत नाही, कारण माझाच चष्मा ओला झालाय. तू त्यांना सांभाळलंस, त्यांनी तुला सांभाळलं, आणि मधल्या मध्ये बारा वर्षं ठसके मला! प्रशिक्षक सर, तुम्हालाही आजच कळतंय हे मला दिसतंय. पाणी प्या. मावशींना तेव्हाही काही माहीत नव्हतं, त्या मनापासूनच भांडल्या होत्या.

अध्यक्षमहोदय, पाच मिनिटं केव्हाच संपली. शेवटचं सांगते. आपली नवी वेबसाइट आज दुपारी सुरू झाली. बटणं दोन वेगवेगळ्या रंगांची आहेत. आणि बाकताईच्या पानावर सगळ्यात वर ती जुनी बातमी मघाशी चहानंतर परत ठेवली आहे. सात चुका काकांच्या खुणांप्रमाणे दुरुस्त केल्या. तारखेला हात लावलेला नाही.

मला बोलायला बोलावलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, जे मोबाइल बघत होते त्यांनीही शेवटी माना वर केल्या, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बाकताई, तुझे आभार मानणार नाही, ते घरी येऊन मानेन. बोलण्याच्या भरात कुठे वावगं बोललं गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लाल पेन्सिल काकांच्या खिशात आहे. मागून घ्या, खुशाल गोल करा. आणि मग जमलं तर, खाली टिंबं द्या.